जुन्या सायकलीची नवी चाल

पेढीच्या मागील खोलीत आजोबांची काळी, उंच सायकल उभी असे. रोज पहाटे तिच्यावरून मंदिरात दर्शनाला जाण्याचा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. अलीकडे गुडघे दुखू लागल्याने शेवटचा चढ मात्र सायकल हाती धरून चढावा लागे. ती भंगारात देऊन गियरची नवी घ्यावी, असे नातवाने सुचविले. आजोबा म्हणाले, “बाळ, आधी मोज, मग मोड.”

मागील चाकाच्या हबातच गियर बसविण्याची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. मूळच्या इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा 1936 पासूनचा एडब्ल्यू हब तीन गतींचा. त्याच्या मधल्या स्थिर चक्राला 20 व बाहेरच्या कड्याला 60 दाते असतात. त्यामुळे पहिली गती दुसरीच्या पाऊणपट, तर तिसरी तिच्याहून एक-तृतीयांशाने अधिक होते.

नातवाने हिशेब मांडला. पुढे 44 व मागे 18 दात्यांमुळे पायडलच्या एका फेऱ्यात चाक 2.44 वेळा फिरत होते. गियरच्या हबावर 22 दात्यांचे चक्र बसविल्यास तीन गतींत ते 1.5, 2 व 2.67 वेळा फिरेल. म्हणजे चढावर पायांवरील जोर सुमारे 39 टक्क्यांनी घटेल.

त्याचे मन सात गतींच्या हबावर होते. पण त्याला मागील खाचांमध्ये सुमारे 130 मिमी जागा लागते आणि येथे होती जेमतेम 115. पोलादी फ्रेम ताणता येते, अॅल्युमिनियमची कधीही ताणू नये. पोलादीतही एक बाजू अधिक वाकली, तर चाक तिरके धावते. म्हणून हबासाठी फ्रेम वाकविण्यापेक्षा फ्रेमला साजेसा तीन गतींचाच हब घ्यावा, असे ठरले.

खरेदीपूर्वी आणखी एक मोजणी उपयोगी पडली. जुन्या रिमला 40 तारांची छिद्रे, नव्या हबाला 36. तेव्हा रिमही बदलावी लागली. मात्र ती जुन्याच घाटाची घेतल्याने दांड्यांचे ब्रेक कायम राहिले.

जोडणीत दोन गोष्टींना तडजोड नव्हती. जोर पडताच हबाचा आस स्वतःभोवती फिरू पाहतो. म्हणून खाचेत अडकणारे खास वॉशर दोन्ही बाजूंस हवेतच. दुसरे म्हणजे गियरची तार. ती नीट जुळली नाही, तर दुसऱ्या व तिसऱ्या गतीच्या मध्ये पायडल एकाएकी पोकळ फिरते आणि उभे राहून जोर लावणारा स्वार पडू शकतो. मिस्त्रीने तार दोनदा तपासली, नातवाने तिसऱ्यांदा.

हब, रिम, तारा व मजुरी मिळून खर्च काही किरकोळ झाला नाही. आजोबांनी तो वहीत स्वतः लिहिला. अपरिग्रह म्हणजे केवळ कमी बाळगणे नव्हे. जवळ आहे त्या वस्तूचे आयुष्य आपल्या आळसाने न संपविणे, हेही त्यातच येते.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेवटच्या चढावर आजोबांनी पहिली गती टाकली. ते सावकाश गेले, पण खाली उतरले नाहीत.