बऱ्या झालेल्या लेकीचे घर कोणते?

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालयांच्या स्त्री-कक्षांत अशा कितीतरी भगिनी आहेत, ज्यांचा आजार आटोक्यात येऊन बराच काळ लोटला. त्यांना न्यायला कोणी आले नाही, एवढेच. दाखल करताना दिलेल्या पत्त्यावर पाठवलेले पत्र परत येते. समाजसेवा अधीक्षक गाव शोधत घरापर्यंत पोहोचले, तर भाऊ उंबऱ्यावरच अडवतो. घरात मुलीचे लग्न ठरायचे असते, आत्याचे नाव निघाले तर स्थळ मोडेल ही धास्ती असते.

कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने या उंबऱ्याकडे डोळे उघडून पाहिले पाहिजे. पतीचे मन बिघडले तर पत्नीने त्याला सांभाळावे, हे आपण गृहीत धरतो. नव्हे, त्यात तिचे पातिव्रत्य शोधतो. तीच आजारी पडली की ‘लग्नाआधीपासूनच होते, लपवून ठेवले’ असे म्हणून तिची पाठवणी माहेरी होते. तिच्या आजारामागे कित्येकदा मारहाण असते, दगावलेले मूल असते, वर्षानुवर्षांची अवहेलना असते. त्याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. माहेरी आईवडील असेतोवर तिला आसरा मिळतो. पुढचे सांगायला नको.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र नुसते छिन्नमनस्कतेचे निदान त्यासाठी पुरेसे नाही, विकाराची तीव्रता पाहिली पाहिजे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये एका पतीची मागणी फेटाळली होती, हे फारच थोड्यांना माहीत असते.

घरी परतलेल्या स्त्रीची वाटही सोपी नसते. औषधांनी भास थांबतात. पण गुंगी येते, वजन वाढते, हात थरथरतात. पोळी करपली की सारे एकमेकांकडे पाहतात. चारचौघींसारखी ती कधी रागावली तर लगेच प्रश्न येतो, ‘गोळी घेतलीस ना?’ रागावण्याचा साधा हक्कही तिला उरत नाही! घरातील सततच्या टीकेने हा आजार उलटतो, असे मानसोपचारतज्ज्ञ बजावतात. तरीही या भगिनी पहाटे उठतात, शिवणयंत्रावर बसतात, मुलांचा अभ्यास घेतात. त्यांच्या या धैर्याचे कौतुक करायला कोणी येत नाही.

कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून दूरदूरच्या गावी त्यांच्या माणसांत पोहोचवण्याचे काम ही संस्था करते. मेली असे समजून जिची आशा सोडली होती, तिला दारात पाहून आनंदाने रडणारी गरीब घरे या देशात आहेत. दार लावून घेण्याची कला बहुधा सुशिक्षितांनाच अधिक साधली असावी.

आणि जिला घरच उरले नाही, तिचे काय? चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने २०१५ पासून एक वाट दाखवली आहे. दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात, मदतीला एक कार्यकर्ती असते. बाजारातून काय आणायचे, दिवा केव्हा मालवायचा, हे त्याच ठरवतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे एकोणिसावे कलम हेच सांगते: कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही; निवाऱ्याची सोय शासनाने करावी. आपल्या राज्याने मात्र बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहांत हलवण्याचा मार्ग पत्करला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो थांबवायला सांगावे लागले. निवारागृहांसाठी शासनाकडे आग्रह धरायलाच हवा. तोवर ज्यांच्या सोसायटीत एखादे घर रिकामे आहे, त्यांनी अशा चौघींना ते भाड्याने द्यायला काय हरकत आहे?