प्राणवायूच्या प्रश्नाचा माग

शास्त्रज्ञाची कारकीर्द तपासावयास बसलेली समिती बहुधा आधी विचारते ते हे, की या गृहस्थाचा विषय कोणता. आणि अर्जदाराने मूत्रपिंडापासून आरंभ करून कृमीपर्यंत व तेथून मज्जासंस्थेपर्यंत मजल मारलेली दिसली, तर त्याच्या दप्तरावर चंचलपणाचा शेरा पडण्याचे भय असते. हा शेरा अन्यायाचा आहे, हे ऑक्सफर्डचे पीटर रॅटक्लिफ यांच्या संशोधनाकडे पाहिले असता जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल.

रॅटक्लिफ हे मूळचे मूत्रपिंडविकारांचे डॉक्टर. रक्तातील प्राणवायू घटला म्हणजे मूत्रपिंड एरिथ्रोपोइटिन नावाचे संप्रेरक अधिक स्रवते आणि त्यायोगे अस्थिमज्जेत तांबड्या पेशींची निर्मिती वाढते, एवढे पूर्वीच ठाऊक होते. परंतु प्राणवायू घटल्याची वर्दी मूत्रपिंडास पोहोचते कशी, हे कोणास उमगले नव्हते. १९९०च्या सुमारास त्यांनी हा प्रश्न हाती घेतला, आणि थोड्याच अवधीत त्यांच्या प्रयोगशाळेत असे आढळून आले की ही जाणीव मूत्रपिंडाची मिरासदारी नसून, एरिथ्रोपोइटिन मुळीच न बनवणाऱ्या पेशींतही ती विद्यमान आहे. ज्या निबंधात हे मांडले होते तो १९९२ साली ‘नेचर’ने परत केला आणि पुढील वर्षी अन्यत्र प्रसिद्ध झाला. माझ्या मते या कारकीर्दीतील निर्णायक वळण हेच होय. कारण येथून पुढे मूत्रपिंडाशी इमान राखावे की प्रश्नाशी, याची निवड करणे प्राप्त होते, आणि त्यांनी प्रश्नाचा माग धरला.

अमेरिकेत ग्रेग सेमेन्झा यांनी शोधलेले ‘हिफ’ हे प्रथिन या साऱ्या व्यवहाराच्या केंद्रस्थानी आहे. पेशी ते अखंड तयार करते आणि प्राणवायू मुबलक असेतोवर अखंड नष्टही करते. जणू एखाद्या दरबारात संकटकाळाचे फर्मान नित्य लिहावे आणि संकट नाही अशी खात्री पटताच नित्य फाडून टाकावे. प्राणवायूच्याच साह्याने त्या प्रथिनावर एक रासायनिक खूण उमटते व ती ओळखून पेशी त्याचा निकाल लावते. प्राणवायू अपुरा असला म्हणजे खूण उमटत नाही, हिफ टिकून राहते आणि शेकडो जनुकांना हुकूम सोडते. रॅटक्लिफ आणि बॉस्टनचे विल्यम केलिन यांनी ही खूण २००१ साली स्वतंत्रपणे दाखवून दिली. ती उमटवणारे विकर मात्र रॅटक्लिफ यांच्या चमूला गवसले ते जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या ‘सी. एलिगन्स’ या कृमीच्या आधाराने. अंडी घालण्याच्या क्रियेत बिघाड झालेले कृमी वेचून ज्यांनी त्या विकराच्या जनुकाची नोंद केली होती, त्यांच्या मनात मूत्रपिंडाचा रुग्ण नव्हता. तरी त्याच विकरास आवर घालणारी औषधे आज मूत्रपिंडविकारातील रक्तक्षयावर दिली जातात, आणि त्यांपैकी अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या डेसिडुस्टॅटला २०२२ साली भारतात मान्यता मिळाली. तत्पूर्वी, २०१९ साली, या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले होते.

प्राणवायूच्या या प्रश्नाशी मज्जासंस्थेचा संबंध याहून जुना आहे. मानेतील रोहिणी जेथे दुभागते तेथील इवलासा कॅरोटिड पिंड रक्ताची रासायनिक परीक्षा करतो, असे अनुमान मज्जासंस्थेचे अभ्यासक काहाल यांचे स्पॅनिश शिष्य फर्नांडो दे कास्त्रो यांनी १९२८ साली सूक्ष्मदर्शकाखालील मज्जातंतूंवरून काढले होते. उंदरांत हिफला आवरणारे विकर उणे केले असता हा पिंड वाढतो व श्वसनाची प्रतिक्रिया तीव्र होते, हे पुढे रॅटक्लिफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

याच प्रश्नाला जोडलेला वार्धक्याचा धागा पुन्हा कृमीकडेच नेतो. त्याला चेतापेशी अवघ्या ३०२. अमेरिकेत स्कॉट लायझर, मॅट केबरलाइन व त्यांचे सहकारी यांना २०१५ साली असे दिसले, की चेतापेशींत हिफ टिकून राहिले असता सेरोटोनिनच्या द्वारे संदेश आतड्यापर्यंत जातो, तेथील एक विकर जागृत होते आणि कृमीचे आयुष्य वाढते. विलक्षण गोष्ट ही, की विशिष्ट परिस्थितीत हिफ समूळ काढून टाकल्यानेही आयुष्य वाढलेले आढळले आहे. तेव्हा कृमीवरून मनुष्याच्या दीर्घायुष्याचा हवाला देणे धार्ष्ट्याचे ठरेल. परंतु प्राणवायू, मज्जासंस्था आणि जरा ही तिन्ही ज्या एका प्रयोगात गुंतली आहेत, तो प्रयोग कोणत्या विभागाच्या नावे खतवावा?

अनुदान देणाऱ्या खात्यांनी व निवड समित्यांनी अर्जात विषयाचा रकाना खुशाल ठेवावा, त्यास माझी हरकत नाही. मात्र त्याच्या शेजारी अर्जदाराचा प्रश्न कोणता, आणि तो त्याने किती वर्षे सोडलेला नाही, हेही लिहून घ्यावे.