खाडीचे रक्षण आणि गावाची वहिवाट

ठाण्यातील बाळकुमहून काशेलीच्या पुलावर यावे, म्हणजे खाडीकाठची तिवरांची झाडी दिसू लागते. ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेल्या तिच्या श्वासमुळांभोवती पिशव्या, थर्मोकोल आणि विटामातीचा राडारोडा अडकलेला आढळतो.

तिवर म्हणजे निरुपयोगी झुडूप नव्हे. त्याच्या आश्रयाने कोळंबी, खेकडे व माशांची पिले वाढतात. भरतीचा जोर तेथे मोडतो आणि मागील खारबांध सुरक्षित राहतो. राडारोड्याखाली श्वासमुळे गाडली गेली की झाड गुदमरून वाळते व लाट थेट बांधाला भिडते. बांध फुटून खारे पाणी भातखाचरात शिरले, तर पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत त्या जमिनीत पीक धड येत नाही. खाडीत टाकलेल्या कचऱ्याची किंमत अखेर कोळ्याला व शेतकऱ्यालाच मोजावी लागते.

या झाडीच्या रक्षणासाठी कायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांची तोड करण्यास व तिवरांच्या क्षेत्रात राडारोडा टाकण्यास मनाई केली. २०१२ साली राज्य शासनाने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. हे उपाय आवश्यकच होते. परंतु रात्री काठावर रिकामी होणारी गाडी पहारेकऱ्याच्या नजरेतून सुटते, गावाच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून कायद्याला गावाच्या वहिवाटीची जोड हवी.

अशी वहिवाट आपल्याकडे नवी नाही. कोळी बांधव पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात व नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा समुद्रावर जातात. माशांच्या विणीच्या काळात समुद्राला त्यामुळे विसावा मिळतो. खारजमिनीतही बांध राखणे हे एकट्याचे काम नव्हे. एकाने आळस केला तरी खांड पडून सर्वांचेच भात बुडते.

मात्र सवय नुसत्या उपदेशाने बदलत नाही. तिला सोयीचा पर्याय द्यावा लागतो. ठाणे महानगरपालिकेने गणेशविसर्जनासाठी कृत्रिम तलाव बांधले आणि निर्माल्य वेगळे घेऊन त्याचे खत करण्याची व्यवस्था केली. अनेक कुटुंबांनी हा मार्ग स्वीकारला. श्रद्धा तीच राहिली. विसर्जनाची जागा तेवढी बदलली.

बाळकुम आज शहरात सामावले आहे; पण पुलापलीकडे भिवंडी तालुक्यातील खाडीकाठच्या गावांना स्वतःची ग्रामसभा आहे. तेथील कार्यकर्त्यांनी ‘कचरा टाकू नका’ असे सांगण्यापूर्वी तो टाकायचा कोठे, हे ठरवून द्यावे. निर्माल्य व पालापाचोळ्यासाठी कंपोस्टचा खड्डा, प्लॅस्टिक व खतांच्या रिकाम्या गोण्यांसाठी एक ठरावीक जागा आणि घरदुरुस्तीच्या विटामातीसाठी वाड्यातील सखल जागेचा भराव, एवढी सोय गावाच्या आवाक्यातील आहे. त्यानंतर ग्रामसभेत ठराव करावा व तो प्रत्येक घराने पाळावा.

खाडीतील सारी घाण गावाचीच आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शहराच्या बांधकामांचा वाटा त्यात मोठा आहे. तथापि ज्या गावाने आपला काठ स्वच्छ राखला, तेच गाव परक्याची गाडी अडवून हक्काने जाब विचारू शकेल.