क कापसाचा काऊन नाही?

दोस्तहो, जयंती झाली. कमान लागली, डीजे वाजला, वर्गणीचा हिशेब विहाराच्या भिंतीवर चिकटला. आता एका सवालाचं उत्तर द्या. तुमच्या वस्तीत तीन ते सहा वर्षांची पोट्टी किती? आणि त्यातल्या कितींनी चित्रांचं एखादं पुस्तक हातात धरलं आहे? घोकायचं पुस्तक नाही. पाहायचं, पानं उलटायचं, बोट ठेवून बोलायचं. मोजून या. मग बसू बोलायला.

तुम्ही हसाल हे मला ठाऊक आहे. म्हणाल, कापसाची धूळ खाऊन याचं डोकं फिरलं. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि हा चिऊकाऊची पुस्तकं घेऊन आला. ते बायकांचं काम. सेविकाबाई पाहून घेईल. हेच म्हणणं मोडायला मी लिहायला बसलो आहे.

१२ मार्च १९२७. मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेब शिक्षणाच्या खर्चावर बोलले. त्यांनी आकडा ठेवला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० पोरांपैकी चौथीपर्यंत पोचतात १८. बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेचा उंबरा ओलांडलेलं मूल जन्मभर टिकेल एवढं अक्षर घेऊनच बाहेर पडलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी ते अमरावतीला आले. १३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या देवळाचा होता. देवळाच्या दाराची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. मार्चातल्या त्या ८२ पोरांची गोष्ट मी आजवर एकाही जयंतीच्या स्टेजवर ऐकली नाही.

पोरगं चौथीत गळलं, सातवीत गळलं, असं आपण म्हणतो. मी म्हणतो, गळती पहिलीच्या आधीच लागते. कशी, ते पाहा.

शहरातल्या शिकल्या घरात पोरगं दोन वर्षांचं झालं की आई त्याला मांडीवर घेते. पुस्तक उघडते. हे काय, ते काय. पोरगं बोट ठेवते, बडबडते, पान उलटते. पुस्तक कोणत्या बाजूनं धरायचं ते त्याला कळतं. रेघ डावीकडून उजवीकडे जाते हे कळतं. चित्राखालचे काळे किडेमकोडे म्हणजे आईच्या तोंडातून निघालेले शब्द, हेही कळतं. ही खरी वाचनाची सुरुवात. अक्षरं त्याच्या नंतर येतात. पहिलीत बसताना ते पोरगं तीन-चार वर्षं चालून आलेलं असतं. आणि आपलं? त्याची माय सकाळीच वेचणीला वावरात गेलेली, बाप ठेकेदाराच्या गाडीवर. ते पहिलीत बसते तेव्हा त्याच्या पायाखाली पहिली पायरीच नसते. मग मास्तर म्हणतात, याच्या डोक्यात भुसा आहे. भुसा काऊन असेल? त्याला कोणी पानच दाखवलं नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. मी ज्या बालवाडीत बसलो तिथं भिंतीवर भाज्यांचा तक्ता होता. बाईनं हिरव्या जुडीवर पट्टी ठेवली आणि विचारलं, हे काय? आम्ही सगळी पोट्टी एका सुरात ओरडलो, "सांबार!" बाई म्हणाली, चूक, कोथिंबीर. लाल गोल फळावर पट्टी ठेवली. "भेदरं!" चूक, टमाटर म्हणा. शेंगा दाखवल्या. "फल्ल्या!" चूक. पिवळा मोठा भोपळा. "कोहळं!" चूक. आलू म्हटलं तर बटाटा. एका तासात आमच्या मायचं सगळं स्वयंपाकघर चुकीचं ठरलं. दुसऱ्या दिवशी बाईनं पट्टी ठेवली तेव्हा कोणीच बोललं नाही. बाईला वाटलं, पोरांना येत नाही. पोरांना सगळं येत होतं. त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं.

चित्र पाहून पोरगं जे बोलते तेच त्याच्या वाचनाचं भांडवल. तेच जप्त केलं तर वाचणार कशाच्या जोरावर? प्रमाण भाषा शिकवू नका असं मी म्हणत नाही. कोर्टात, कचेरीत, पुस्तकात तिच्याशी गाठ आहेच, आणि ती आपल्या पोरांना बापाच्या मालमत्तेसारखी वापरता आली पाहिजे. पण आधी 'सांबार' म्हणून घ्या, फळ्यावर लिहा, मग सांगा की पुण्याकडे याला कोथिंबीर म्हणतात. पोरगं दोन शब्द घेऊन घरी जाईल. मेळघाटातल्या कोरकू पोराचा विचार करा. त्याच्या घरची भाषाच मराठी नाही. आपल्याला एका शब्दासाठी पट्टी दाखवली, त्याला अख्ख्या भाषेसाठी दाखवतात.

आता तक्ता पाहा. क कमळाचा. ग गणपतीचा. भ भटजीचा. ज्ञ यज्ञाचा. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरच्या काळ्या मातीत उभ्या जन्मात कमळ न पाहिलेलं पोरगं क कमळाचा म्हणते, आणि त्याच्या घराच्या भिंतीला टेकून पऱ्हाटीचा भारा उभा असतो. त्याची माय ओटीत कापूस वेचते, मामा जिनात गठाणी उचलतो, मी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका मिलमध्ये रिंग फ्रेमवर त्याच कापसाचं सूत काढतो. बोंडापासून बॉबिनपर्यंत सगळीकडे आपलेच हात आहेत. तक्त्यात मात्र कमळ. भटजीला अक्षर मिळालं. वेचणारीला, गठाण उचलणाऱ्याला, गटारात उतरणाऱ्याला एक अक्षर मिळू नये? लहान पोरगं चित्रातून पहिल्यांदा हेच शिकते की पुस्तकात जाण्याच्या लायकीचं कोण आहे.

यावर आपल्यातले काही जण म्हणतील, आम्ही केला ना बदल. ब बुद्धाचा, भ भीमाचा, स सावित्रीचा. छापला तक्ता, लावला विहारात. चांगलं केलं. पण मी अशा तक्त्यासमोर पोरं पाहिली आहेत. तीच पट्टी, तोच सूर, तीच घोकंपट्टी. पोरगं आधी भटजी घोकत होतं, आता भीम घोकते. ज्या माणसानं आयुष्यभर प्रश्न विचारले त्याचं नाव पोरांकडून प्रश्नाशिवाय वदवून घेता? फोटो बदलला म्हणजे शिक्षण बदललं असं नाही. पोरगं चित्रापुढे स्वतः बोललं पाहिजे. त्याला चूक बोलायची, हसायची, थापा मारायचीही मोकळीक पाहिजे.

कापूस हा शब्द घ्या. क, प, स ही तीन अक्षरं. एक काना, एक दीर्घ उकार. एवढ्या सामानावर किती शब्द होतात पाहा. कापूस. साप. सूप. काप. कप. काका. सासू. सापाचं चित्र काढा, पोट्टी किंचाळतील. सुपाचं काढा, त्यांच्या आजीच्या हातात ते रोज असते. सासूवर तर पोरी पोट धरून हसतील. ५२ अक्षरं ओळीनं पाठ करण्याआधी पाच वर्षांचं पोरगं सात शब्द वाचून मोकळं होते. अक्षरांचे असे छोटे गट घेऊन शिकवायची पद्धत शिक्षणवाल्यांना माहीत आहे. फक्त पहिला गट कोणाच्या घरातून उचलायचा, हा सवाल राहतो.

हे मी हवेतून बोलत नाही. न्यूझीलंडात सिल्विया अ‍ॅश्टन-वॉर्नर नावाची बाई माओरी आदिवासींच्या लहानग्यांना शिकवत होती. सरकारी पुस्तकात गोऱ्या घरातली गोरी भावंडं. माओरी पोरांचं त्यात मन रमेना. तिनं एकेका पोराला जवळ घेऊन विचारलं, तुला कोणता शब्द पाहिजे? कोणी भूत म्हणालं, कोणी मुका. तो शब्द जाड कागदावर लिहून तिनं पोराच्या हातात दिला. ज्या शब्दात पोराचं भय होतं, प्रेम होतं, तो शब्द पोरगं एकदा पाहून विसरत नव्हतं. पुढे तिनं त्यांच्याच जगण्यातली पुस्तकं हातानं लिहिली, चितारली. तिचं 'टीचर' हे पुस्तक १९६३ चं. त्याच साली ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरेनं आंगिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना चित्रं दाखवून, त्यांच्याच कामातले शब्द फोडून, ४० तासांत वाचायला शिकवलं. १९६४ ला लष्करानं सत्ता घेतली आणि फ्रेरेला तुरुंगात टाकलं. चित्र दाखवून अक्षर शिकवणं हे चिऊकाऊचं काम असतं तर लष्कराला त्याची भीती काऊन वाटली असती?

आपल्याकडेही वाट पडलेली आहे. ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ अमरावतीतच राहत होत्या. पुढे १९४५ ला त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, नंतर कोसबाडला वारल्यांच्या पोरांत दोघींनी काम केलं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा पोरांच्या अंगणात नेली. महागडी साधनं सोडून खडे, बिया, पानं घेतली. चांगल्याला चांगलं म्हणू. माधुरी पुरंदऱ्यांचं 'चित्रवाचन' मिळालं तर पोरांपुढे ठेवा, चित्र पाहून ती आपणहून बोलू लागतील. कांचा इलय्यांनी २००७ साली कुंभार, चांभार, न्हावी, परीट यांच्या कामातलं ज्ञान पोरांसाठी लिहिलं, दुर्गाबाई व्याम या गोंड बाईनं त्याची चित्रं काढली. हैदराबादच्या 'अन्वेषी' गटानं २००८ मध्ये दलित, मुसलमान पोरांच्या गोष्टींची पुस्तकं काढली. ती मोठ्या पोरांची आहेत, पण रस्ता तोच आहे. वऱ्हाडातल्या तीन-चार वर्षांच्या पोट्ट्यासाठी हे कोण करणार? दुसरं कोणी येईल म्हणून वाट पाहायची का?

सरकारकडे पाहा. राज्यघटनेचं मूळ ४५वं कलम वाचा. १४ वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यानं १० वर्षांत करायचा होता. त्यात खालच्या वयाची अट नव्हती. तीन वर्षांचं पोरगंही त्यात बसत होतं. २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती आली. सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क मिळाला. सहाच्या आतलं पोरगं 'प्रयत्न करील' या शब्दांवरच राहिलं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, त्याच्या ११व्या कलमात तीन ते सहाच्या पोरांसाठी सरकार व्यवस्था करू शकेल असं लिहिलं. करू शकेल! म्हणजे नाही केलं तरी कोर्टात ओढता येत नाही. ज्या वयात वाचनाचा पाया पडतो तेच वय हक्काच्या बाहेर. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं 'निपुण भारत' काढलं, तिसरीपर्यंत प्रत्येक पोराला वाचता आलं पाहिजे म्हणून. तिसरीत हिशेब मागता, मग तिसऱ्या वर्षी पुस्तक द्या.

आणि सेविकाबाईवर ढकलणाऱ्यांनो, तिच्या जागी एक दिवस उभे राहा. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. वजन, लसीकरण, आहार, सर्वे, मोबाइलात माहिती भरणं, आणि उरलेल्या वेळात शिक्षण. तिच्या मजुरीला अजून मानधन म्हणतात, वेतन म्हणत नाहीत. ग्रॅच्युइटी तिचा हक्क आहे हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं. डिसेंबर २०२३ ला राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा आपल्यातले किती जण त्यांच्या मंडपात जाऊन बसले? तिच्या पगाराची लढाई आणि आपल्या पोरांच्या पुस्तकाची लढाई वेगळी नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्या यंत्रावर हे पान निघालं त्याच यंत्रावर पोरांची पुस्तकं निघू शकतात. एक कागद दोनदा दुमडा, कडा कापा, मधे टाका मारा, आठ पानांचं पुस्तक झालं. पानावर एक चित्र, खाली एक ओळ. चित्रात वस्ती येऊ द्या. हापशी, बकरी, एसटी, वेचणी, विहार, बुढीचं लुगडं, बापाची सायकल. पण सगळ्या पानांवर भूक आणि झाडू काढू नका. आपलं पोरगं झाडावर चढते, चांदणं मोजते, पोलीस व्हायचं म्हणते, पतंगासाठी रडते. तेही काढा. खालची ओळ तुम्ही रचू नका. पोराला चित्र दाखवा, ते बोलेल ती ओळ लिहा, त्याच्याच शब्दांत.

वाचून दाखवायलाही पदवी लागत नाही. मी आठवी सोडलेला माणूस आहे. जे वाचलं ते रात्रपाळीनंतर, विहाराच्या कपाटातून आणि रद्दीच्या दुकानातून. पोराला बाजूला बसवा, पान त्याच्याकडे करा. "हे काय?" एवढंच विचारू नका, "इथं काय चाललं? आता काय होईल?" हे विचारा. विचारून गप्प बसा, त्याला वेळ द्या. ओळीखाली बोट फिरवा. तेच पुस्तक दहादा मागेल, दहादा वाचा. माय, मका, मडकं, सगळ्यांच्या तोंडी पहिला आवाज कोणता, असा खेळ खेळा. तीन वर्षांच्या हातात पाटी देऊन त्याला गिरवायला लावू नका. रोज अर्धा तास पुरे.

आता कोण करते ते सांगा. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की पोट्टी थांबवून घ्या. वर्गणीतला डीजेचा एक तासाचा पैसा कागद आणि शाईला काढा. कमिटीत मुली घ्या, नुसत्या सतरंज्या उचलायला नव्हे. गावातल्या पुस्तकाचं पहिलं पान 'कापूस' शब्दानं करा आणि एक प्रत या पत्त्यावर पाठवा. अमरावतीचं पुस्तक अकोल्याला जाईल, अकोल्याचं धारणीला. धारणीतून कोरकूतलं एक परत येऊ द्या.

स्टेजवर भाषण ठोकणाऱ्यांना मी पुढच्या जयंतीला तोच सवाल विचारणार आहे. वस्तीत पोट्टी किती, आणि पुस्तकं किती?

जय भीम.