स्वादुपिंडातील पू काढायला स्टेंट कोणता? धातूचा की प्लास्टिकचा?

स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात मृत झालेल्या भागाला जंतुसंसर्ग झाला, तर जिवावर बेतते. हा पू पोट न उघडता, एंडोस्कोपीने जठरातून वाट करून स्टेंटवाटे काढता येतो.

फरक काय?
प्लास्टिकचे स्टेंट बारीक, स्वस्त. धातूचा रुंद, महाग. त्यातून दुर्बीण आत नेऊन मृत भागही काढता येतो.

अभ्यास काय सांगतो?
अमेरिकेतील ६० रुग्णांच्या चाचणीत (२०१९) दोन्ही गटांना जवळपास सारख्याच वेळा एंडोस्कोपी लागली. मात्र तीन आठवड्यांनंतरही आत राहिलेल्या धातूच्या स्टेंटमुळे रक्तस्रावासारखी गुंतागुंत वाढली.

मग काय करावे?
तीन आठवड्यांनी सीटी स्कॅन करून, पोकळी आटली असल्यास धातूचा स्टेंट काढतात. बरे वाटले तरी ही तारीख चुकवू नका.