एका पंगतीचा पाव

परभणीहून मनमाडकडे निघालेल्या गाडीच्या वाटेवर पेडगाव लागते. भोवती काळी जमीन, तिच्यात ज्वारी, कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. मराठवाड्यातील अशा गावांतून आणि लगतच्या बाजारपेठांतून किराणा, कापड, आडत या व्यवसायांत असलेल्या जैन कुटुंबांना एक प्रसंग नवा नाही. पुण्याला किंवा हैदराबादला शिकणारी नातवंडे दिवाळीच्या सुट्टीत घरी येतात आणि तिकडे चाखलेल्या जाड, खरपूस कवचाच्या पावाची आठवण काढतात. बाहेरून करकरीत, आतून मऊ, सुरी फिरवताच कुरकुर वाजणारा तो पाव घरीही व्हावा, असा हट्ट धरतात. त्याच घरात सूर्यास्तापूर्वी जेवून उठणारी आजी असते. रात्रभर भिजवून ठेवलेले पीठ तिला चालत नाही, आंबवलेला पाव तर नाहीच. मग नातवंडांसाठी पाव शहरातून येतो, आजीच्या ताटात पोळी पडते आणि एका घरात दोन पंगती होतात. वाद कोणी घालत नाही. परंतु आजीने वाढलेले नातवाने खावे आणि नातवाने केलेले आजीने चाखावे, हे सुख त्या दिवशी हुकते.

हे सुख परत मिळवता येते. त्यासाठी पावाचे दोन गुण वेगळे करून पाहावे लागतात. पहिला गुण आतल्या जाळीचा, दुसरा बाहेरच्या कवचाचा. बाजारच्या पावाची जाळी यीस्टमुळे येते. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. ती पिठातील साखरेवर वाढते, वायू सोडते आणि त्या वायूने पीठ फुगते. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेला पाव पूर्वी माडाच्या ताडीने आंबवत असत, तेथेही काम हेच चाले. व्रती घरांचा आक्षेप आहे तो या आंबवण्याला आणि त्यासाठी पीठ तासन्‌तास, बहुधा रात्रभर, ठेवण्याला. कवचाचा मात्र यीस्टशी थेट संबंध नाही. कवच घडवते ते भांडे: त्यात साठलेली उष्णता, झाकणाखाली कोंडलेली वाफ आणि योग्य वेळी काढलेले झाकण.

भाकरी थापणाऱ्या प्रत्येक गृहिणीला या वाफेचा धडा नकळत ठाऊक असतो. तव्यावर भाकरी टाकली की वरच्या अंगावर पाण्याचा हात फिरवायचा. तो न फिरवला तर भाकरी कोरडी पडून तडकते. फिरवला तर वरचा थर काही क्षण ओला आणि लवचीक राहतो, आतल्या वाफेने भाकरी टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. पावाच्या बाबतीतही तेच घडते. ओव्हनच्या कोरड्या हवेत पिठाच्या गोळ्याची वरची बाजू लवकर वाळते, ताठर होते आणि फुगणे अडते. बेकरीतील मोठ्या भट्टीत म्हणूनच आरंभी वाफ सोडण्याची सोय असते. घरी ते काम झाकण करते. गोळ्यातून निघालेली वाफ भांड्यातच राहते आणि वरचा थर ओला ठेवते. त्या थरातील स्टार्च शिजून त्याचा चकचकीत पातळ लेप बनतो. अर्ध्या तासाने झाकण काढले की वाफ निघून जाते, लेप वाळतो, तांबूस होतो आणि करकरीत कवच तयार होते.

शहरी घरांत ही युक्ती रूढ झाली ती न्यूयॉर्कमुळे. तेथील बेकरीचालक जिम लाही यांची न मळता करायच्या पावाची कृती मार्क बिटमन यांनी ८ नोव्हेंबर २००६ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील आपल्या सदरात दिली आणि ती जगभर पसरली. चिमूटभर यीस्ट घातलेले सैल पीठ बारा ते अठरा तास ठेवायचे आणि कडकडीत तापवलेल्या जड भांड्यात झाकून भाजायचे, असा तिचा सारांश. ही कृती उत्तम आहे, पण तिच्यातील बारा ते अठरा तास आजीच्या ताटापर्यंत पोहोचू देत नाहीत. आजीसाठी दुसऱ्या देशाकडे पाहावे लागते.

तो देश आयर्लंड. तेथे मऊ जातीचा गहू पिकतो आणि तो यीस्टच्या पावाला फारसा मानवत नाही. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा सहज मिळू लागला, तेव्हा घरोघरच्या गृहिणींनी ताक आणि सोडा घालून पाव करायला आरंभ केला. ओव्हन फार थोड्या घरांत होते. चुलीवर टांगलेल्या तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात पिठाचा गोळा ठेवायचा, झाकण लावायचे आणि झाकणावर पेटते निखारे पसरायचे, अशी त्यांची रीत. ताकातील आम्ल आणि सोडा एकत्र आले की तत्काळ कर्बवायू सुटतो आणि त्यानेच पाव फुगतो. जामन लागत नाही, आंबवणे लागत नाही, पीठ ठेवावे लागत नाही. भिजवले की भाजायचे.

वर-खाली निखाऱ्यांची ही रीत आपल्याकडेही परकी नाही. मराठवाड्यात शेतातल्या भंडाऱ्याला जाडसर दळलेल्या गव्हाचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, वरची राख झटकून ते फोडतात आणि तुपासह वाढतात. राजस्थानातून व्यापारासाठी या भागात आलेल्या कुटुंबांनी बाटी आणली, तिचे भाजणेही त्याच जातीचे. ओव्हन नसलेल्या घरांतून पातेल्यात वाळू तापवून केक भाजत, तोही याच कुळातला. झाकलेल्या भांड्यातील पाव म्हणजे रोडग्याचा थोडा अधिक फुगलेला भाऊ म्हणता येईल.

पेडगावच्या परिसराची ज्वारी या पावाला उपयोगी पडेल का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ यांसारखे ज्वारीचे वाण दिले आहेत. ‘परभणी शक्ती’ हा २०१८ मधील वाण तर लोह आणि जस्त अधिक असावे म्हणूनच तयार केला आहे. भाकरीला ज्वारीसारखे धान्य नाही. परंतु ज्वारीत ग्लुटेन नसते, म्हणजे वायू धरून ठेवणारा चिवट धागा नसतो. म्हणून पावाचा आधार गहूच असावा. चवीसाठी आठवा हिस्सा ज्वारीचे पीठ मिसळता येते. त्याहून अधिक घातल्यास पाव दडस होतो आणि कापताना चुरा पडतो.

आता प्रत्यक्ष कृती. घरी दळलेले गव्हाचे पीठ ३५० ग्रॅम घेऊन चाळावे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची मानतात. ती पाळणाऱ्या घरात पीठ ताजेच असते आणि पावाची चवही त्याने खुलते. पिठात ५० ग्रॅम जाडसर रवा, एक लहान चमचा मीठ आणि एक सपाट लहान चमचा खाण्याचा सोडा घालून हाताने नीट मिसळावे. सोड्याची एकही गुठळी राहू नये, नाहीतर त्या जागी पिवळा डाग आणि साबणासारखी चव येते. आता घट्टसर ताजे ताक सुमारे ३२५ मिलिलिटर घ्यावे. त्याच दिवशीचे ताक पुरेसे आंबट नसेल, तर त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालावा. पिठात मध्ये खळगा करून ताक ओतावे आणि बोटांनी हलकेच एकत्र करावे. पोळीच्या कणकेसारखे मळू नये, अर्ध्या मिनिटात काम संपावे. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल, किंचित चिकट असतो. पीठ कोरडे वाटले तर चमचाभर ताक वाढवावे.

त्याआधीच भांडे तापत ठेवलेले असावे. जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे बिडाचे भांडे सर्वांत चांगले, कारण बीड सावकाश तापते आणि उष्णता धरून ठेवते. ओव्हन असल्यास झाकणासह भांडे २३० अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवावे. गोळा बटर पेपरवर ठेवून पीठ भुरभुरावे आणि धारदार सुरीने वर खोल चौफुली द्यावी. या चिरेमुळे उष्णता मध्यापर्यंत पोहोचते आणि पाव भलत्या बाजूने फाटत नाही. कागदासह गोळा भांड्यात उतरवून लगेच झाकण लावावे. सोड्याचा वायू वाट पाहत नाही, भिजवलेला गोळा दहा मिनिटे पडून राहिला तर फुगण्याची अर्धी शक्ती वाया जाते. ३० मिनिटे झाकून भाजावे, मग झाकण काढून १२ ते १५ मिनिटे. पाव उलटा धरून तळाशी बोटाने वाजवावे. पोकळ आवाज आला की तो झाला, भरीव आला की आणखी ५ मिनिटे द्यावीत.

ओव्हन नसलेल्या घरी मोठ्या जाड पातेल्यात दोन बोटे जाडीचा वाळूचा किंवा मिठाचा थर द्यावा, त्यावर तिकाटणे ठेवून पातेले झाकावे आणि मध्यम आचेवर २० मिनिटे तापवावे. गोळा लहान, झाकणाच्या डब्यात घालून आत ठेवावा. या रीतीत वरची बाजू फिकट राहते. म्हणून पाऊण तासाने पाव काढून ती बाजू तव्यावर मंद आचेवर शेकून घ्यावी, बाटी फिरवतो तशी. अंगणात चूल असल्यास निखारे खाली थोडे आणि झाकणावर जास्त ठेवावेत, कारण खालची आच थेट लागते आणि पाव तेथे आधी करपतो. गोवऱ्या व लाकडे पेटवण्यापूर्वी नीट झटकून, निरखून घ्यावीत. जीवजंतूंची ही काळजी घरात नेहमीचीच असते, घाईच्या दिवशीही ती सुटू नये.

काही चुका टाळण्याजोग्या आहेत. रिकामे तापवायचे असल्याने पातळ अल्युमिनियमचे किंवा नॉनस्टिक भांडे वापरू नये. झाकणाची मूठ प्लास्टिकची नसावी. कुकर वापरल्यास रबरी रिंग आणि शिटी दोन्ही काढावीत. काढलेले झाकण ओट्यावर ठेवले की ते थंड आहे असा भास होतो आणि हात भाजतो, त्यावर फडके टाकून ठेवावे. गरम पाव लगेच कापू नये. आतील वाफ अजून काम करत असते, निदान अर्धा तास थांबावे, नाहीतर मधला भाग कच्चा आणि चिकट लागतो. बिडाचे भांडे ओले ठेवू नये, पुसून तेलाचा हात फिरवावा.

मर्यादांचेही थोडे पाहावे. ताक घातलेल्या पिठात बेसन किंवा मुगाचे पीठ मिसळू नये, तो द्विदलाचा दोष होतो. जे कुटुंब हा नियम काटेकोर पाळते आणि पाव वरणाबरोबर खाऊ इच्छिते, त्याने ताकाऐवजी ३०० मिलिलिटर पाण्यात तीन मोठे चमचे लिंबाचा रस घालावा. पाव किंचित कमी फुगतो, कवच तितकेच करकरीत होते. हिरवे वर्ज्य असलेल्या तिथीला लिंबूही नको, त्या दिवशी पोळीच बरी. यीस्ट चालते की नाही, सोडा चालतो की नाही, याविषयी घराघरांत आणि परंपरापरंपरांत भेद आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारावे आणि मगच पीठ भिजवावे.

वेळेचे गणितही मांडून ठेवावे. भिजवणे, भाजणे, निववणे यांना मिळून सुमारे दोन तास लागतात. डिसेंबरात परभणीच्या भागात सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. म्हणजे भांडे तीन वाजताच तापत ठेवले पाहिजे. पावसाळ्यात तास-सव्वातासाची सवड अधिक मिळते. सोड्याच्या पावाचा एक अवगुण सांगतात, तो दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. ज्या घरात शिळे ठेवायचेच नाही, तेथे हा अवगुण उरत नाही. चार माणसांना पुरेल एवढाच पाव करावा आणि त्याच दिवशी संपवावा.

हा पाव शहरातल्या पावासारखा हुबेहूब होणार नाही, हे नातवंडांना आधीच सांगितलेले बरे. यीस्टची मोठी जाळी आणि तिचा आंबूस गंध यात नसतो. आतला भाग अधिक घट्ट, गव्हाच्या चवीचा, रोडग्याच्या जवळचा असतो. मात्र झाकण उचलताना येणारा खरपूस वास तोच, सुरीखालची कुरकुर तीच. निवलेल्या पावाचा तुकडा मोडून त्यावर घरचे तूप घालावे, हवा तर गुळाचा खडा ठेवावा आणि पहिला तुकडा आजीच्या ताटात वाढावा. दिवस मावळण्यापूर्वी सगळे घर एका पंगतीत बसलेले असेल.