दुचाकीचे बिल आणि घरचा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्या घरची दुचाकी सर्व्हिसिंगसाठी शोरूममध्ये देण्याचा प्रसंग आला. सकाळी गाडी सोपविली; सायंकाळी ती चकचकीत होऊन परत मिळाली आणि तिच्याबरोबर एक लांबलचक बिलही हाती आले. बिल इंग्रजीत होते व रक्कम होती १,६६० रुपये. आमच्या कपाळावरील आठी पाहून काउंटरवरील तरुण नम्रपणे म्हणाला, "काका, सगळं कंपनीच्या नियमाप्रमाणंच केलंय." आम्ही मुकाट्याने पैसे मोजले व घरी आलो.

रात्री जेवणे आटोपल्यावर चष्मा लावून ते बिल उलगडले आणि एकेक ओळ वाचू लागलो. इंजिन ऑइल ४००, मजुरी ४८०, एअर फिल्टर २१०, चेनवर मारावयाचा फवारा ९०. येथवर सारे समजले. पुढे मात्र इंजिनात घालावयाचे कसले तरी द्रव २४०, पॉलिश १८० आणि 'किरकोळ साहित्य' ६० अशी तीन कलमे होती. ही तीन कलमे आम्ही मागितली नव्हती, कोणी आम्हांस विचारलेही नव्हते. त्यांची बेरीज केली तर ती ४८० रुपये भरली, म्हणजे ज्या कारागिराने दिवसभर गाडीशी झटापट केली त्याच्या नावाने लावलेल्या मजुरीइतकीच!

दुसऱ्या दिवशी हा प्रकार एका शेजाऱ्यांच्या कानी घातला. ते हसून म्हणाले, "म्हणूनच आम्ही शोरूमचं तोंडच बघत न्हाई. ऑइल काळं झालं तर झालं, गाडी पळतीय न्हवं?" त्यांच्या या काटकसरीचे आम्हांस कौतुक वाटले असते; परंतु पंधरा दिवसांतच त्यांची गाडी ऊस भरलेल्या ट्रॉलीमागे भर रस्त्यात बंद पडली. गावातील मेस्त्रींनी इंजिन उघडले, तळाचे ऑइल बोटावर घेतले आणि एवढेच म्हणाले, "मालक, ह्यात ऑइल न्हाई, डांबर झालंय." बोअर-पिस्टनचे काम निघाले. सात हजार रुपये गेले, शिवाय आठ दिवस दूध डेअरीत पोचविण्यासाठी दुसऱ्याची गाडी मागावी लागली.

एकाने न विचारता पैसे दिले, दुसऱ्याने विचार न करता पैसे वाचविले. दोघेही नुकसानीत आले. सुज्ञ वाचकहो, आजच्या स्तंभाचा विषय हाच आहे.

चिकोडीच्या परिसरात दुचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. निपाणीच्या बाजारास जाणारा शेतकरी, कॉलेजात जाणारी मुलगी, कारखान्यात पाळीस जाणारा कामगार, आजाऱ्यास दवाखान्यात नेणारा मुलगा, रविवारी चर्चला निघालेले कुटुंब, या सर्वांचा भार तीच वाहते. घरातील बैलास जशी वेळेवर वैरण लागते, तशी या यंत्रासही वेळेवर निगा लागते. बैल उपाशी राहिला तर हंबरतो. यंत्र मात्र मुकाट्याने झिजते व एके दिवशी एकदम बसते. फरक एवढाच.

इंजिन ऑइल हे केवळ वंगण नव्हे. ते तप्त भागांतील उष्णता वाहून नेते, झिजलेल्या धातूचा कीस धुऊन काढते आणि मोटरसायकलमध्ये बहुधा क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. म्हणूनच मोटारीचे ऑइल स्वस्त मिळाले म्हणून दुचाकीत घालणे योग्य नाही. त्याने क्लच घसरू लागण्याचा संभव असतो. दुचाकीच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' अशी खूण असते, ती पाहून घ्यावी. लहान गाडीस एका वेळी एक लिटर अथवा त्याहून थोडे कमीच ऑइल लागते. एवढ्याशा ऑइलवर साऱ्या इंजिनाचे आयुष्य अवलंबून आहे, हे ध्यानात आले म्हणजे त्याच्या किमतीचे दुःख वाटत नाही.

एअर फिल्टरची गोष्टही तशीच. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरांमागून धुळीतच वाट काढावी लागते. ही धूळ फिल्टर अडवितो. तो तुंबला की इंजिनाचा श्वास कोंडतो आणि पेट्रोल अधिक जळते. यास्तव शहरातील गाडीच्या मानाने आमच्याकडील गाडीचा फिल्टर लवकर तपासावा लागतो, हे खरे. तथापि "बदलला" असे बिलात लिहिले असेल, तर जुना फिल्टर दाखवा असे म्हणण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. आम्ही तो मागितला नाही, ही चूक आमची.

पूर्वी हा प्रश्न इतका बिकट नव्हता. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६० च्या दशकाच्या आरंभापासून १९९६ पर्यंत निघालेल्या जावा व येझदी गाड्या आमच्या पिढीने पाहिल्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावयाचे, प्लग काढून घासावयाचा, कार्ब्युरेटर फुंकून साफ करावयाचा; झाडाखाली बसलेल्या मेस्त्रीस एवढे पुरे असे. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही चार स्ट्रोकची, पेट्रोल कमी पिणारी गाडी आली व हळूहळू खेडोपाडी पसरली. मेस्त्रींनी तिचेही शास्त्र शिकून घेतले. परंतु १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा' हे धुराचे नवे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंधन फवारणारी विजेवरील यंत्रणा बसली. तिचा दोष शोधण्यास संगणकासारखे उपकरण लागते, आणि ते लहान गॅरेजात नेहमी असतेच असे नाही. शोरूमचे महत्त्व वाढले ते यामुळे, आणि बिलही वाढले ते काही अंशी यामुळेच.

मग जावे कोठे? आमचे मत असे की, गाडी वॉरंटीत असेतोवर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरवर अथवा मुदतीत, जे आधी येईल तेव्हा, शोरूममध्येच सर्व्हिसिंग करावे. ठरलेली सर्व्हिस चुकविली तर पुढे वॉरंटीचा दावा नाकारण्यास निमित्त मिळते. 'मोफत सर्व्हिस' या शब्दाने मात्र फसू नये. तीत मजुरी तेवढी माफ असते, ऑइल व सुट्या भागांचे पैसे द्यावेच लागतात. वॉरंटी संपल्यावर ऑइल, चेन, ब्रेक, केबल ही नित्याची कामे गावातील जाणत्या मेस्त्रींकडून करून घेण्यास काहीच हरकत नाही. विजेच्या यंत्रणेत बिघाड असेल तेव्हा मात्र शोरूम गाठावे.

शोरूममध्ये गाडी देताना पुढील गोष्टी पाळाव्यात. जॉब कार्डावर सही करण्यापूर्वी कोणती कामे होणार व अंदाजे खर्च किती, हे लिहून घ्यावे. "याखेरीज काही करावयाचे असल्यास आधी फोन करा" असे त्यावर लिहावयास सांगावे. इंजिनात घालावयाची द्रवे, पॉलिश, लेप यांविषयी "पुस्तिकेत हे लिहिले आहे काय?" एवढाच प्रश्न विचारावा, नसल्यास नम्रपणे नको म्हणावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. बिल इंग्रजीत असल्यास प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत अथवा कन्नडात विचारावा. न समजता पैसे देणे हे सभ्यतेचे लक्षण नव्हे.

कराकडेही लक्ष असावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकली व सुटे भाग यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. सुट्या भागावर आजही जुन्या दराने कर लावलेला दिसल्यास तेथल्या तेथे विचारावे.

कायदाही ग्राहकाच्या पाठीशी आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यांच्यावरील ठपका होता. पुढे त्या आदेशावर अपिले झाली आणि तो खटला चारचाकींचा होता, हे खरे; परंतु केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे मांडले गेले. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी इंटरनेटवर एक संकेतस्थळही सुरू केले व त्यात वाहनांचा समावेश केला. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतून अथवा कन्नडातूनही बोलता येते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणास तेथे शुल्क नाही. बहुधा तेथवर जाण्याची पाळी येत नाही. ग्राहक जाणता आहे एवढे कळले तरी पुष्कळ काम होते.

आमच्या भागासाठी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा, दूधगंगा व वेदगंगा यांचे पाणी गावांत शिरले, ते कोणी विसरलेले नाही. गाडी पाण्यात बुडाली असेल तर पूर ओसरताच किक मारून पाहण्याचा मोह आवरावा. इंजिनात पाणी असताना ते चालविल्यास आतील भाग वाकतात वा चिरतात. आधी ऑइल काढून टाकावे. ते दुधासारखे पांढुरके दिसल्यास पाणी आत गेले आहे असे समजावे. प्लग व फिल्टर काढून सारे कोरडे करावे व मगच पुढचे पाहावे. विमा सर्वसमावेशक असल्यास आधी कंपनीस कळवावे. केवळ त्रयस्थ व्यक्तीचा विमा असल्यास पुराची भरपाई त्यात मिळत नाही.

आता हिशेब मांडू. रोज सुमारे ३३ किलोमीटर गाडी चालली तर वर्षास १२,००० किलोमीटर होतात. दर ३,००० किलोमीटरला सर्व्हिसिंग धरल्यास वर्षातून चार वेळा. आमच्या बिलातील अनावश्यक ४८० रुपये वगळले तर एका वेळचे १,१८० रुपये, चार वेळचे ४,७२० रुपये. म्हणजे किलोमीटरला ३९ पैसे. लिटरला ६० किलोमीटर व पेट्रोल शंभर रुपये धरले तर पेट्रोलचाच खर्च किलोमीटरला १ रुपया ६७ पैसे होतो. निगेचा खर्च त्याच्या चौथाईहूनही कमी आहे! टायर, ब्रेक शू व चेन सेट यांसाठी थोडी भर घालून महिन्यास ६०० रुपये वेगळ्या डब्यात टाकले, तर सर्व्हिसिंगच्या दिवशी किराणा दुकानात उधारी करण्याची वेळ येणार नाही. सोबत एक लहान वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काम, खर्च. हे लिहिण्याचे काम घरातील शाळकरी मुलाकडे सोपवावे. हिशेबाची सवय त्यास आयुष्यभर पुरेल.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसरीचा शब्दही काढू नये. झिजलेले ब्रेक शू व गुळगुळीत टायर यांवर वाचविलेले चारपाचशे रुपये एखाद्या पावसाळी संध्याकाळी फार महाग पडतात. मागे पत्नी व मधे मूल बसले असताना आपण कशावर विसंबून आहोत, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा.

शेवटी एक शब्द आपल्या मेस्त्रींविषयी. शोरूमच्या काउंटरवर १,६६० रुपये मुकाट्याने मोजणारे आम्ही, त्याच मेस्त्रींनी उन्हात बसून केलेल्या कामाचे दीडशे रुपये सांगितले की "शंभर घ्या की" म्हणून घासाघीस करतो, कित्येकदा "नंतर देतो" म्हणून निघूनही जातो. पाटी चकचकीत असली की आमची जीभ गप्प बसते आणि हात काळे असले की तीच जीभ चालू लागते, हे आम्हांस शोभत नाही. चांगला मेस्त्री गावात टिकावा, त्याने नवे उपकरण घ्यावे, नव्या गाड्यांचे शिक्षण घ्यावे असे वाटत असेल, तर त्याची मजुरी त्याच दिवशी त्याच्या हातात पडली पाहिजे.

आमच्या त्या शेजाऱ्यांनी आता वही घातली आहे. परवा ती दाखवीत ते म्हणाले, "पहिल्या पानावरच सात हजार लिवल्यात. रोज बघितलं की ऑइलची आठवण ऱ्हाती." आम्हीही आमचे १,६६० रुपयांचे बिल आमच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटविले आहे. वाचकांनी आपापल्या घरची बिले या रविवारी एकदा काढून पाहावीत, आणि त्यांत काय आढळले ते आम्हांस अवश्य कळवावे.